क्रोममध्ये साठवलेले पासवर्ड फायरफॉक्समध्ये आणताना: पायरीपायरीने

ब्राउझर बदलायचा म्हटलं की बुकमार्क चटकन येतात, पासवर्ड मात्र मागे राहतात. विंडोजवर क्रोम आपला पासवर्डचा साठा आता दुसऱ्या प्रोग्रॅमला सहज वाचू देत नाही. त्यामुळे फायरफॉक्समधून 'इम्पोर्ट ब्राउझर डेटा' केलं तरी बऱ्याचदा हिस्टरी येते, बुकमार्क येतात आणि पासवर्डची यादी रिकामी दिसते. अशा वेळी भरवशाचा रस्ता एकच: क्रोममधून सगळे पासवर्ड एका सीएसव्ही फाइलमध्ये (स्वल्पविरामांनी खाने पाडलेल्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये) उतरवायचे आणि ती फाइल फायरफॉक्सला द्यायची.

बटणं दाबायचं काम पाच-दहा मिनिटांचं आहे. धोका आहे तो त्या मधल्या फाइलमध्ये. तिला कुलूप नसतं. बँक, ईमेल, पीएफ, आयकर, सगळ्यांचे पासवर्ड तिच्यात साध्या अक्षरांत लिहिलेले असतात आणि ती ज्याच्या हाती लागेल त्याला जशीच्या तशी वाचता येते. म्हणून खालच्या पायऱ्या क्रमानेच करा. विशेषतः 'आधी तपासा, मग पुसा' हा क्रम उलटा करू नका.

मेनूची नावं इंग्रजी इंटरफेसमधली दिली आहेत. तुमचा ब्राउझर मराठीत असेल तर नावं वेगळी दिसतील, जागा त्याच असतात. आवृत्तीनुसार एखादं नाव थोडं इकडचं तिकडे होतं, त्याने गडबडू नका.

काय काय हाताशी हवं

- स्वतःचा संगणक. ऑफिसचा, सायबर कॅफेतला किंवा मित्राचा नको. ऑफिसच्या संगणकावर बॅकअप कुठे जातो, हे आपल्या हातात नसतं.
- त्या संगणकाचा लॉगिन पासवर्ड किंवा पिन. क्रोम फाइल देण्याआधी तो मागतो.
- दोन्ही ब्राउझर अद्ययावत.
- ओटीपी येतो तो मोबाइल, चार्ज केलेला.
- नोटपॅडसारखा साधा टेक्स्ट एडिटर.
- अर्धा-पाऊण तास सलग वेळ. ही फाइल 'उद्या बघू' म्हणून ठेवायची नसते.

## १. क्रोममध्ये नक्की काय आहे ते बघा

क्रोममध्ये वर उजवीकडचे तीन ठिपके → 'पासवर्ड्स अँड ऑटोफिल' → 'गूगल पासवर्ड मॅनेजर'. इथे तुमची पूर्ण यादी दिसते. तीवरून एकदा नजर फिरवा. बंद पडलेली दुकानं, एकदाच वापरलेले फॉर्म, सोडलेल्या नोकरीतली पोर्टलं इथेच काढून टाका. कचरा नव्या घरात न्यायची गरज नाही.

दोन गोष्टी आत्ताच तपासा.

पहिली, प्रोफाइल. क्रोममध्ये वर उजवीकडे गोल चित्र असतं, त्यावर क्लिक केलं की किती प्रोफाइल आहेत ते कळतं. घरच्या संगणकावर नवरा, बायको, मुलगी अशी तीन प्रोफाइलं असणं नेहमीचं आहे. प्रत्येक प्रोफाइलचे पासवर्ड वेगळे साठतात आणि प्रत्येकाची फाइल वेगळी काढावी लागते. 'निम्मे पासवर्ड आलेच नाहीत' या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथे सापडतं.

दुसरी, या फाइलमधून जे येणारच नाही ते:

- पासकी. ज्या साइटवर तुम्ही बोटाच्या ठशाने किंवा स्क्रीनलॉकने आत जाता, तिथली पासकी सीएसव्हीत उतरत नाही. फायरफॉक्समधून त्या साइटवर जाऊन नवी करावी लागते.
- 'साइन इन विथ गूगल' वाली खाती. तिथे मुळात पासवर्डच नसतो, त्यामुळे यादीतही काही नसतं. ते हरवलं असं समजू नका.
- कार्ड, पत्ते, फोन नंबर. ऑटोफिलची ही माहिती वेगळ्या कप्प्यात असते.
- नोट. क्रोममध्ये पासवर्डखाली टीप लिहिता येते. ती फाइलमध्ये उतरते, पण फायरफॉक्सच्या नोंदीत तिला जागा नाही. सुरक्षा प्रश्नाचं उत्तर वगैरे तिथे लिहिलं असेल तर आधी दुसरीकडे उतरवून घ्या. (एटीएमचा किंवा यूपीआयचा पिन तिथे लिहिला असेल तर तो मात्र कुठेच उतरवू नका, खोडून टाका.)

## २. फाइल कुठे ठेवायची ते आधी ठरवा

विंडोजवर वनड्राइव्हचा बॅकअप चालू असेल तर 'डेस्कटॉप' आणि 'डॉक्युमेंट्स' हे फोल्डर आपोआप क्लाउडवर चढतात. पासवर्डची फाइल तिथे ठेवली की काही सेकंदांत तिची प्रत इंटरनेटवर असते, आणि तुम्ही इथली पुसली तरी क्लाउडच्या रिसायकल बिनमध्ये ती बरेच दिवस पडून राहू शकते. गूगल ड्राइव्हचा डेस्कटॉप प्रोग्रॅम वापरत असाल तर त्यात कुठले फोल्डर जोडलेत तेही बघा. 'डाउनलोड्स' जोडलेला असू शकतो.

सोपा उपाय म्हणजे सी ड्राइव्हवर, या सगळ्यांच्या बाहेर, एक नवा फोल्डर करा आणि फाइल तिथेच उतरवा. पेनड्राइव्हचा मोह टाळा. आज वापरलेला पेनड्राइव्ह उद्या झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला जातो आणि त्यावरून पुसलेली फाइल परत मिळवणं अवघड नसतं.

स्वतःलाच व्हॉट्सॲप किंवा ईमेल करून 'सेफ' ठेवणं हा तर सगळ्यात वाईट पर्याय.

## ३. क्रोममधून फाइल काढा

1. 'गूगल पासवर्ड मॅनेजर' मध्ये डावीकडे 'सेटिंग्ज' वर जा.
2. 'एक्सपोर्ट पासवर्ड्स' समोर 'डाउनलोड फाइल' दाबा.
3. विंडोजचा पिन किंवा पासवर्ड द्या. मॅकवर मॅकचा लॉगिन पासवर्ड.
4. जागा विचारली की मघाशी केलेला फोल्डर निवडा.

हे सगळ्यात सोपं पाऊल आहे. पिन आठवत नसेल तर मात्र इथेच थांबावं लागतं. त्याला वळसा नाही आणि नसावाच.

## ४. फाइल उघडून बघा, पण एक्सेलमध्ये नाही

फाइलवर दोनदा क्लिक केलं की ज्यांच्याकडे एक्सेल आहे त्यांच्याकडे ती थेट एक्सेलमध्ये उघडते. नुसती उघडून बंद केली तर काही बिघडत नाही. बंद करताना 'बदल सेव्ह करायचे का?' असं विचारतं आणि सवयीने 'हो' दाबलं जातं, तिथे नुकसान होतं. एक्सेल सीएसव्हीतला सगळाच मजकूर मजकूर म्हणून ठेवत नाही. जे आकडा, तारीख किंवा सूत्रासारखं दिसतं ते तसं बदलून टाकतं:

- सुरुवातीची शून्यं उडतात. बँकेचा कस्टमर आयडी ००४५ ने सुरू होत असेल तर तो ४५ ने सुरू होतो.
- १२ किंवा त्याहून जास्त आकडे असलेली संख्या '१.०१ई+११' अशा रूपात जाते. पीएफच्या पोर्टलवर यूजरनेम म्हणजे यूएएन (पीएफ सदस्याचा कायमचा क्रमांक) आणि तो १२ आकडी, म्हणजे तो हमखास मोडतो. शिवाय १५ आकड्यांपुढचे सगळे आकडे शून्य होतात.
- 'मार्च' च्या इंग्रजी नावाला जोडून वर्ष असा पासवर्ड असेल तर एक्सेल त्याची तारीख करून टाकतं.
- बरोबरच्या, अधिकच्या किंवा वजाच्या चिन्हाने सुरू होणारा पासवर्ड सूत्र समजला जातो आणि त्याजागी चूक दाखवणारा शब्द येतो.

हे नुकसान गुपचूप होतं. फायरफॉक्स अशी फाइल विनातक्रार घेतो, कारण त्याच्या दृष्टीने तो एक पासवर्डच असतो. कळतं ते महिन्याभराने, पीएफचं पासबुक बघायला गेल्यावर.

म्हणून फाइलवर राइट क्लिक → 'ओपन विथ' → 'नोटपॅड'. पहिल्या ओळीत पाच शीर्षकं दिसतील: नेम, यूआरएल (म्हणजे साइटचा पत्ता), यूजरनेम, पासवर्ड, नोट. फाइलमध्ये ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत असतात. त्या पहिल्या ओळीला हात लावू नका. कुठला खाना कशाचा हे फायरफॉक्सला त्या ओळीवरूनच समजतं. त्यातला यूआरएल, यूजरनेम किंवा पासवर्ड यांपैकी एक शब्द जरी बदलला तरी आयात फसते.

त्याखाली एका खात्याची एक ओळ. पासवर्डमध्येच स्वल्पविराम असेल तर तो पासवर्ड दुहेरी अवतरणात दिसेल, आणि पासवर्डमध्ये अवतरणचिन्ह असेल तर ते दोनदा लिहिलेलं दिसेल. ही चूक नाही, सीएसव्हीची पद्धत आहे. 'जास्तीचं' म्हणून पुसायला जाऊ नका.

बदल करायचेच असतील आणि नोटपॅडमध्ये डोळे फिरत असतील तर लिब्रेऑफिस कॅल्क (एक्सेलसारखाच मोफत प्रोग्रॅम) वापरा. फाइल उघडताना येणाऱ्या खिडकीत खालच्या तक्त्यातले सगळे स्तंभ निवडून प्रकार 'टेक्स्ट' करा, मगच पुढे जा.

## ५. जुने पत्ते इथेच दुरुस्त करा

ही पायरी बहुतेक जण सोडतात आणि नंतर 'फायरफॉक्स पासवर्ड भरतच नाही' म्हणतात.

ब्राउझर पासवर्ड साइटच्या नावाशी बांधत नाही, पत्त्याशी बांधतो. पत्ता बदलला की जुना पासवर्ड नव्या पानावर सुचवला जात नाही. बनावट साइटपासून आपला बचाव यानेच होतो, त्यामुळे हा दोष नव्हे. पण खरी साइटच घर बदलते तेव्हा पंचाईत होते. आपल्याकडची दोन ठळक उदाहरणं:

आयकर विभागाचं ई-फायलिंग पोर्टल ७ जून २०२१ रोजी नव्या पत्त्यावर गेलं. त्याआधीपासून विवरणपत्र भरणाऱ्यांच्या क्रोममध्ये जुन्या पत्त्याची नोंद अजूनही असते, बऱ्याचदा नव्याच्या शेजारीच आणि वेगळ्या पासवर्डसह. जुनी ओळ सरळ काढून टाका.

बँकांचं प्रकरण मोठं आहे. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये सगळ्या बँकांना 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर जायला सांगितलं आणि ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. तुमच्या यादीतली बँकेची नोंद 'डॉट कॉम' किंवा 'डॉट को डॉट इन' ची असेल तर ती नव्या पानावर उपयोगी पडणार नाही.

फायरफॉक्समध्ये एकदा आलेल्या नोंदीचं यूजरनेम आणि पासवर्ड बदलता येतं, पत्ता बदलता येत नाही. तिथे नोंद पुसून नवी लिहावी लागते. इथे नोटपॅडमध्ये यूआरएलच्या खान्यातला पत्ता बदलला की काम झालं. मात्र:

- नवा पत्ता एसेमेसमधल्या लिंकवरून उचलू नका. बँकेची जुनी अधिकृत साइट स्वतःच नव्या पत्त्यावर नेते का ते पाहा, किंवा शाखेत विचारा.
- 'फाइंड अँड रिप्लेस' मध्ये सगळीकडचं 'डॉट कॉम' एका फटक्यात बदलायचा उद्योग करू नका. एकेक ओळ बदला.
- लॉगिनचं पान वेगळ्या उपपत्त्यावर असेल तर त्या पानाचा पत्ता लिहा, बँकेच्या मुखपृष्ठाचा नव्हे.

यादीत काही ओळींचा पत्ता 'अँड्रॉइड' या शब्दाने सुरू होऊन पुढे अगम्य अक्षरांची माळ असते. ते फोनवरच्या ॲपचे पासवर्ड. त्यांना वेबसाइटचा पत्ता नाही, त्यामुळे फायरफॉक्सला त्यांचा उपयोग नाही. त्या ॲपची साइटही तुम्ही वापरत असाल तर पत्ता बदलून ओळ ठेवा.

बदल झाले की सेव्ह करा आणि नोटपॅडमधला तो टॅब बंद करा. विंडोज ११ चं नोटपॅड मागचे टॅब पुन्हा उघडतं, न सेव्ह केलेला मजकूरही जपून ठेवतं. 'सेव्ह ॲज' करून दुसऱ्या नावाची प्रत केली असेल तर ती लक्षात ठेवा, शेवटी तीही पुसायची आहे.

## ६. फायरफॉक्सला आधी कुलूप लावा

फायरफॉक्स → तीन आडव्या रेषा → 'सेटिंग्ज' → 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' → पासवर्डच्या विभागात 'यूज अ प्रायमरी पासवर्ड'. हे ऐच्छिक आहे, पण घरात संगणक सामायिक असेल तर लावाच. हा पासवर्ड नसेल तर साठ्याची किल्ली साठ्याशेजारीच असते आणि तुमच्या प्रोफाइलचा फोल्डर उचलून नेणाऱ्याला दोन्ही एकदम मिळतात.

दोन गोष्टी समजून मग लावा. प्रायमरी पासवर्ड विसरलात तर तो रीसेट करता येतो, पण त्या संगणकावरचे साठवलेले सगळे पासवर्ड त्यासोबत जातात. आणि तो फक्त त्या संगणकापुरता असतो. दुसऱ्या लॅपटॉपवर वेगळा लावावा लागतो. तो घरातल्या वहीत लिहून कपाटात ठेवण्यात काही गैर नाही. कपाट फोडणारा चोर आणि इंटरनेटवरचा चोर हे सहसा वेगळे असतात.

## ७. फाइल फायरफॉक्समध्ये आणा

1. तीन आडव्या रेषा → 'पासवर्ड्स'. नवा टॅब उघडतो.
2. फायरफॉक्समध्ये आधीच काही पासवर्ड असतील तर त्यांची फाइल आधी काढून ठेवा: त्याच टॅबमध्ये वर उजवीकडचे तीन ठिपके → 'एक्सपोर्ट पासवर्ड्स'. एकाच साइटची एकाच यूजरनेमची नोंद दोन्हीकडे असेल आणि पासवर्ड वेगळे असतील तर नंतर पडताळायला हीच कामी येते.
3. पुन्हा तीन ठिपके → 'इम्पोर्ट फ्रॉम अ फाइल'.
4. तुमची सीएसव्ही निवडा.

काम झालं की एक छोटी खिडकी चार आकडे सांगते: किती नवे आले, किती बदलले गेले, किती आधीचेच निघाले आणि किती चुकीमुळे गाळले. ती लगेच बंद करू नका. खालच्या दुव्यावर ओळवार अहवाल असतो. गाळलेल्या ओळी बहुधा पासवर्ड रिकामा असलेल्या किंवा पत्ता धड नसलेल्या असतात. त्या हाताने भरा.

आकडे फाइलच्या ओळींशी जुळवायला गेलात तर फसगत होऊ शकते. पहिली ओळ शीर्षकांची असते आणि क्रोमच्या नोटमध्ये एंटर दाबून लिहिलेलं असेल तर एकच नोंद तीन-चार ओळी खाते.

## ८. लॉगिन करून बघा

यादीत नाव दिसतंय म्हणजे आलं, असं नव्हे. निवडक खाती प्रत्यक्ष उघडा: मुख्य ईमेल, एक बँक, पीएफ, आयकर, आणि ज्यांच्या पासवर्डमध्ये चित्रविचित्र चिन्हं आहेत अशी एक-दोन. शून्याने सुरू होणारा आयडी असेल तर तोही.

बँकेच्या साइटवर सबुरीने घ्या. चुकीचा पासवर्ड काही वेळा पडला की खातं तात्पुरतं बंद होतं. पहिलाच प्रयत्न फसला तर तिथे थांबा, क्रोममधला पासवर्ड आणि फायरफॉक्समधला पासवर्ड शेजारीशेजारी उघडून अक्षर न् अक्षर ताडून पाहा, मग दुसरा प्रयत्न करा. काही बँका पासवर्डचा खाना ब्राउझरला आपोआप भरूच देत नाहीत. तिथे पासवर्ड बरोबर असूनही खाना रिकामा राहतो. 'पासवर्ड्स' टॅबमधून कॉपी करून टाका किंवा हाताने लिहा. विंडोजचा क्लिपबोर्ड इतिहास चालू असेल तर कॉपी केलेला पासवर्ड त्यात राहू शकतो. विंडोजचं बटण आणि व्ही एकत्र दाबून तो साफ करा.

घरातल्या चौघांची खाती एकाच साइटवर असतील, उदाहरणार्थ आई आणि बाबा दोघांचे यूएएन, तर खान्यात क्लिक केल्यावर यादी उघडते. यूजरनेम रिकामं असलेल्या नोंदी इथे गोंधळ घालतात. कुणाचा कुठला ते कळत नाही. त्यांना यूजरनेम देऊन टाका.

## ९. फोन

पासवर्ड संगणकावर आणा आणि फोनवर सिंकने, म्हणजे एकाच खात्यातून आपोआप जुळवून, पोचवा. संगणकावरच्या फायरफॉक्समध्ये मोझिला (फायरफॉक्स बनवणारी संस्था) खात्याने साइन इन करा, सिंकच्या यादीत 'पासवर्ड्स' वर खूण आहे ना ते बघा, आणि फोनवरच्या फायरफॉक्समध्ये त्याच खात्याने जा. अँड्रॉइडवर इतर ॲपमध्येही पासवर्ड भरायचे असतील तर फोनच्या सेटिंग्जमध्ये ऑटोफिल सेवा गूगलऐवजी फायरफॉक्स करा.

मोझिला खात्याची रिकव्हरी की त्याच वेळी काढून कागदावर लिहून ठेवा. खात्याचा पासवर्ड विसरून तो कीशिवाय बदलला तर सर्व्हरवरचा सिंक केलेला साठा उघडता येत नाही. मग उरतं ते तुमच्या एखाद्या संगणकात किंवा फोनमध्ये असेल तेवढंच.

## १०. फाइल पुसा

लॉगिन तपासून झालं, आता फाइल एक मिनिटही ठेवू नका. फोल्डर निवडून शिफ्ट आणि डिलीट एकत्र दाबा, म्हणजे ती रिसायकल बिनमध्ये जात नाही. 'डाउनलोड्स' मध्ये दुसरी प्रत आहे का, 'सेव्ह ॲज' ची प्रत आहे का, सातव्या पायरीतली फायरफॉक्सची फाइल आहे का, हे शोधा. संगणकात नाव शोधण्यापेक्षा 'सीएसव्ही' या प्रकाराच्या सगळ्या फाइल शोधणं चांगलं, कारण तुम्ही दिलेलं नाव तुम्हालाच आठवेल असं नाही.

पुसलेली फाइल डिस्कवरून खास सॉफ्टवेअरने कधीकधी परत मिळते. विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा मॅकमध्ये फाइलव्हॉल्ट (सगळी डिस्क कूटबद्ध करणारी सोय) चालू असेल तर ही काळजी खूप कमी होते. लॅपटॉप विकायचा किंवा दुरुस्तीला द्यायचा बेत असेल तर ते आधी चालू करा आणि मगच या सगळ्या भानगडीला हात घाला.

## ११. क्रोमचं काय करायचं

आठवडाभर काहीच करू नका, फक्त पासवर्ड मॅनेजरच्या सेटिंग्जमध्ये 'ऑफर टू सेव्ह पासवर्ड्स' बंद करा. नाहीतर नवे पासवर्ड दोन ठिकाणी साठत जातात आणि कुठला ताजा ते कळेनासं होतं. त्या आठवड्यात राहून गेलेलं काही असेल तर ते समोर येतं.

मग क्रोममधला साठा पुसायचा असेल तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: क्रोम गूगल खात्याशी सिंक असेल तर संगणकावर पुसलेलं फोनवरूनही जातं. फोनवरची ॲप गूगलच्याच पासवर्डवर चालत असतील तर आधी नववी पायरी पूर्ण करा. यादीत पासकी असतील तर 'सगळं पुसा' चं बटण दाबू नका. ते बटण पासकीही नेतं, आणि तिथे पर्यायी लॉगिन नसेल तर खात्यात परत शिरणं जिकिरीचं होतं. पासवर्ड एकेक करून काढा.

## दुसरीकडून किंवा उलट दिशेने

एजमधून: पासवर्डच्या सेटिंग्जमध्ये एक्सपोर्टचा पर्याय आहे. पुढचं सगळं वरच्यासारखंच.

मॅकवरच्या सफारीतून: 'फाइल' मेनूत एक्सपोर्ट. नव्या मॅकओएसमध्ये 'पासवर्ड्स' नावाचं वेगळं ॲप आहे, त्याच्या 'फाइल' मेनूतून सगळे पासवर्ड फाइलमध्ये काढता येतात.

बिटवॉर्डन या पासवर्ड सांभाळणाऱ्या ॲपमधून: एक्सपोर्ट करताना सीएसव्ही निवडा, कूटबद्ध फाइल नको. ती ब्राउझरला वाचता येत नाही.

फायरफॉक्समधून क्रोममध्ये: सातव्या पायरीतला 'एक्सपोर्ट पासवर्ड्स', मग क्रोमच्या पासवर्ड मॅनेजरमध्ये 'सेटिंग्ज' → 'इम्पोर्ट पासवर्ड्स'. फायरफॉक्सच्या फाइलमध्ये तारखांचे वगैरे जास्तीचे स्तंभ असतात, क्रोमला ते चालतात. क्रोम एका वेळी ३००० पर्यंतच पासवर्ड घेतो. यादी त्याहून मोठी असेल तर फाइलचे तुकडे करा आणि शीर्षकांची ओळ प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर ठेवायला विसरू नका.